भाऊ इथेही आले

बाटल्यांच्या कारखान्यातल्या मावशीनं आजवर दोन पक्ष सोडले, ते दोन्ही एकाच माणसापायी. त्याला सगळे भाऊ म्हणत. सख्खा भाऊ नसलेली मावशी तर जरा जास्तच मनापासून म्हणायची.

तेव्हा ती तरुण होती आणि भाऊ तिच्या पहिल्या पक्षातले कामगारांचे पुढारी. सोड्याच्या गरम पाण्यात जुन्या बाटल्या धुऊन बायकांच्या बोटांची सालटी निघत, नखं काळी पडून गळत. मागणी काय, तर रबरी हातमोजे. त्यासाठी बायका फाटकाबाहेर बसल्या. भाऊ मालकाच्या खोलीत गेले, ढेकर देत बाहेर आले आणि म्हणाले, "आपण जिंकलो!" हातमोजे काही आले नाहीत. प्रत्येकीला भाऊंचा फोटो छापलेलं कॅलेंडर मिळालं आणि कॅन्टीनचा ठेका मिळाला भाऊंच्या मेव्हण्याला.

मावशी विरोधी पक्षात गेली. दगडापेक्षा वीट मऊ, दुसरं काय! त्यांच्यासाठी ती जिने चढली, घसा बसेपर्यंत ओरडली. आणि एका सभेत बघते तर व्यासपीठावर हारांच्या ढिगात भाऊ! "चुकलेलं लेकरू घरी आलं," असं स्वतःबद्दलच सांगत डोळे पुसत होते. मावशी उठली ती सरळ घरी आली.

पुढे नवा पक्ष निघाला आणि त्याच्यातर्फे तिचा लेकच उभा राहिला. लेक वायरमन, लोकांचे पंखे दुरुस्त करणारा, सरळमार्गी. मावशी सुजलेल्या पायांनी दारोदार फिरली. "पोर माझं आहे म्हणून नाही, खरं बोलतं म्हणून सांगते," म्हणायची.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी लेक भाऊंना घरी घेऊन आला. भाऊ सरळ तिच्या पलंगावर ऐसपैस बसले. "काय ताई, ओळखलंत का?"

मावशीनं नखं नसलेली बोटं मुठीत मिटली आणि लेकाला स्वयंपाकघरात ओढलं.

"ह्याला घरात आणलंस? तुला घास भरवताना माझ्या बोटांतून रक्त यायचं रे, ते ह्याच्यामुळे!"

"माहितीये मला, आई. पण त्यांच्याशिवाय निवडून येणं नाही. जुनं उकरू नकोस ना. एकदा निवडून येऊ दे, मग बघतो त्यांच्याकडे."

"तोच तुझ्याकडे बघेल, मेल्या!"

सकाळी मावशी मतदानाला गेली. यंत्रावर लेकाचं नाव होतं. त्या नावानं हाका मारता मारता तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. ती इतका वेळ थांबली की बाहेरचा शिपाई खाकरला. मग तिनं सगळ्यात खालचं, कुणीच नको म्हणणारं बटण दाबलं.

बाहेर रस्त्यावर लेक आणि भाऊ घोळक्यात उभे होते.

"दिलंस ना, आई?"

"नाही दिलं."

लेकानं तिच्या डोळ्यांत पाहिलं. आई खोटं बोलत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्याचा चेहरा पडला. पण क्षणभरच. मग त्यानं तिच्या खांद्यावर हात टाकला आणि लोकांकडे वळून मोठ्यानं हसला.

"आमच्या आईला भारी मस्करी सुचते!"

सगळे हसले. भाऊंनी लेकाच्या पाठीवर थाप मारली. "तयार झालास की रे!"

मावशीनं त्याचा हात खांद्यावरून काढून टाकला. तो हसतच राहिला.