पासष्टवरची लाल रेघ

मी एक जुना वजनकाटा आहे, आणि मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू. ज्याने आयुष्यभर लोकांची खरी वजनं त्यांच्या तोंडावर सांगितली, त्याच्यावर विश्वास ठेवतो कोण? 'काटा बिघडलाय' हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं आहे, तितक्या वेळा तुम्ही तुमची नावंही ऐकली नसतील.

मित्रांनो, मित्र म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. काल तुमच्यातल्याच कोणीतरी माझ्या काचेला च्युइंगम चिकटवलं. परवा तिघं मिळून माझ्या पाटावर उड्या मारत होते. पण होडी यायला अर्धा तास आहे, आणि धक्क्यावर या पत्र्याच्या शेडखेरीज सावली नाही. तेव्हा बसा. तुमच्यातले दोघे आत्ता, भर दुपारी, टेकडीवर जाऊन उडायचं म्हणत होते, ते मी ऐकलं आहे. त्यांनी तर पुढेच बसा. तिकिटाच्या खिडकीत पेपर वाचत बसलेल्या बाईंकडे मात्र बघू नका. त्यांचे कान इकडेच असतात, म्हणून मी जरा हळू बोलणार आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोटात पोलादी स्प्रिंग, अंगावर हिरवा रंग, परातीएवढी तबकडी आणि तिच्यावर शून्य ते दीडशे असे आकडे. तपासनिसाने माझ्यावर वीस किलोचं वजन ठेवलं, मी वीस दाखवले. त्याने माझ्या डोक्यावर थाप मारली आणि म्हणाला, "असाच राहा." आयुष्यात माझं झालेलं कौतुक एवढंच. लक्षात ठेवा, पुढे कुठे येणार नाही.

तिथून मी एका दवाखान्यात गेलो. बारा वर्षं माणसं माझ्यावर चढली आणि शिव्या देत उतरली. चढण्याआधी चपला काढायची, घड्याळ काढायची, एकाने तर कवळी काढून डॉक्टरांच्या हातात दिली. एका बाईंनी श्वास इतका आत ओढला की भिंतीवरच्या कॅलेंडरची तीन पानं उलटली आणि सगळ्यांना वाटलं पुढचा महिना लागला. तरी मी आकडा सोडला नाही. डॉक्टर गाव सोडून गेले, तेव्हा त्यांच्या बायकोने मला अडगळीत टाकलं. तिचाही माझ्यावर राग होताच.

अडगळीतून मला उचललं या बेटावरच्या म्हाताऱ्याने. म्हातारा पाहुण्यांना उडवायचा. म्हणजे पॅराग्लायडिंग. एकाच कापडी पंखाखाली दोघं, मागे चालवणारा, पुढे पट्ट्यांत बांधलेला पाहुणा. टेकडीच्या उतारावरून दोघांनी मिळून पळायचं, आणि पायाखालची जमीन संपली तरी पळत राहायचं. टँडेम म्हणतात त्याला.

आता यात मला काय काम? सगळं काम मलाच. बेटावर टेकड्या दोन. पूर्वेच्या टेकडीवर सकाळी वारा समोरून येतो, पण तो पातळ असतो. जड माणूस घेऊन त्या वाऱ्यात कितीही पळा, पंख उचलत नाही. पश्चिमेच्या टेकडीवर साडेतीननंतर समुद्रावरून दाट वारा येतो. तो जड माणसाला अलगद उचलतो, हलक्याला मात्र मागे ढकलतो, आणि टेकडीमागचा वारा तर गरगर फिरणारा. म्हणून म्हाताऱ्याने मुलीची नेलपॉलिश मागून घेतली आणि माझ्या तबकडीवर पासष्टच्या आकड्यावर लाल रेघ मारली. रेघेच्या आत असेल तो सकाळी पूर्वेला. रेघेच्या बाहेर असेल तो दुपार कलल्यावर पश्चिमेला. कुठून उडायचं आणि केव्हा, हे या बेटावर पाहुणा ठरवत नसे. मी ठरवत असे.

शिवाय माझ्या डोक्यावर त्याने एक पत्र्याची पाटी ठोकली आणि तीवर सगळे नियम लिहिले. ती अजून आहे. त्याचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, त्यामुळे ती कोणी वाचली नाही. पाटीचं सोडा, मी माझं सांगतो आहे.

म्हाताऱ्याला दोन मुलं. थोरली आणि धाकटा. म्हातारा गेला, आणि पंधरा दिवसांत दोघांत जुंपली. कारण काय, तर म्हाताऱ्याची शिट्टी. तिला हवी, त्याला हवी. मग कोणीतरी ती समुद्रात फेकली. कोणी फेकली, यावरून दुसरं भांडण. थोरलीने पूर्वेची टेकडी घेतली, धाकट्याने पश्चिमेची, आणि दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. पण पाहुण्यांचं वजन करायला दोघांनाही रोज माझ्यापाशीच यावं लागे. मग दोघं माझ्याशी बोलू लागली.

"काट्या," थोरली म्हणायची, तोंड समुद्राकडे करून, "त्या शहाण्याला विचार, टेकडीवर काल पाहुणे उतरले की पाहुण्यांची हाडं?"

"काट्या," धाकटा म्हणायचा, तोंड दुसऱ्या समुद्राकडे करून, "माझ्या बहिणीला म्हणावं, पाहुण्याला उडवायचं असतं, नांगरायचं नसतं."

मी मध्ये. सात वर्षं दोघांचं विष माझ्या अंगावर. माझा हिरवा रंग उडाला तो खाऱ्या हवेने नाही.

तरी तेही मी सोसलं असतं. पण माझ्या पाठीवर एक लहान चकती आहे. मी रिकामा असताना सुई शून्यावर आणण्यासाठी ती फिरवायची. थोरलीच्या ध्यानात आलं की चकती जराशी मागे फिरवली की सगळे पाहुणे पाच किलोंनी हलके होतात आणि रेघेच्या आत, म्हणजे तिच्या पदरात पडतात. ती पहाटे येऊन चकती मागे फिरवू लागली. धाकटा काही कमी नाही. तो दुपारी जेवून आला की चकती पुढे. सकाळी जो माणूस त्रेसष्ट, तोच दुपारी त्र्याहत्तर. लोक म्हणायचे, बेटावरचं पाणी बाधतं.

एका बेकरीवाल्याला थोरलीने हलका ठरवून सकाळी नेलं. पंख काही उचलेना. तो माणूस अख्खी टेकडी बुडावर घसरत उतरला. धक्क्यावर पोचला तेव्हा त्याच्या पँटची पुढची बाजू त्याच्याबरोबर होती, मागची वरच राहिली होती. एका काडीपैलवान मास्तरणीला धाकट्याने जड ठरवून दुपारी नेलं. वारा त्या दोघांना पुढे जाऊ देईना आणि खाली येऊ देईना. दीड तास एकाच जागी लटकून. मास्तरीणबाईंनी वरच्यावर अख्ख्या वर्गाच्या वह्या तपासल्या आणि दोन पोरांना नापासही केलं.

हसा. मीही हसलो होतो. मग एके दिवशी एका पाहुण्याचा घोटा मोडला, आणि त्याला होडीत आडवं घालून नेताना त्याची बायको माझ्यासमोर उभी राहून रडली. त्या दिवसापासून मला हसू आलेलं नाही. थोरली म्हणाली, धाकट्याने चकती फिरवली. धाकटा म्हणाला, थोरलीने फिरवली. शेवटी दोघं मिळून म्हणाली, काटाच नालायक आहे. सात वर्षांत त्यांचं एकमत झालं ते एवढ्याच एका गोष्टीवर.

आणि त्यानंतर आठच दिवसांनी ती बाई आली.

साडेअकराच्या होडीतून ती एकटीच उतरली. हातात कापडी पिशवी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. एकतीस वर्षं एका कचेरीच्या तळघरात, जुन्या फायलींच्या खोलीत तिने नोकरी केली होती. खोलीला खिडकी नव्हती. वरच्या मजल्यावरून फाईल मागवायचे, ती काढून पाठवायची, बस. निवृत्त व्हायला एक दिवस राहिला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी निरोपसमारंभ होता, भाषणं होती, भिंतीवरचं घड्याळ भेट मिळणार होतं. त्याच्या आत एकदा, फक्त एकदा, तिला सगळं वरून बघायचं होतं. परतीची होडी चारला. त्यानंतरची तिसऱ्या दिवशी.

बघा पेच. सकाळचा वारा पडून गेला होता. दुपारचा सुरू व्हायचा साडेतीनला, आणि चढून, उडून, उतरून चारची होडी गाठणं कोणाच्या बापाला जमलं नसतं. मधले बारा ते तीन म्हणजे तापलेल्या कातळाची वेळ. हवा खालून अशा उसळ्या मारते की पंखाची एक बाजू कागदासारखी मिटते. म्हातारा त्या वेळात टेकडीवर फक्त शेळ्या जाऊ देत असे.

पण थोरलीला पाहुणा सोडायचा नव्हता, कारण सोडला तर धाकट्याला मिळणार. धाकट्याला सोडायचा नव्हता, कारण सोडला तर थोरलीला मिळणार. म्हाताऱ्याचा नियम दोघांना पाठ होता. दोघांनी तो गिळला.

"अजून सकाळच आहे," थोरली त्या बाईला म्हणाली. "बाराच्या आत वर पोचू."

"काट्या, घड्याळ कळतं का विचार तिला," धाकटा म्हणाला. "दुपार कधीच लागली. ताई, तुम्ही माझ्याबरोबर चला."

बाई एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. म्हणाली, "कोणाहीबरोबर येते. पण आजच. आज नाही जमलं तर पुन्हा माझं येणं होणार नाही."

तेव्हा दोघं म्हणाली, करू या वजन. आणि दोघांचे हात एकदम माझ्या चकतीवर पडले. ती मागे ओढते, तो पुढे ढकलतो. आणि मित्रांनो, ती बाई माझ्यावर चढली.

किती हलक्या पावलांनी चढली. तिच्या पायांना जुन्या कागदांचा वास होता. तिचं खरं वजन पासष्ट. बरोबर लाल रेघेवर, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. मला दिसलं की मी पासष्ट दाखवले तर ही दोघं तिला मधोमध फाडतील, आणि जो जिंकेल तो तिला घेऊन त्या उसळत्या हवेत उडी मारेल. मला त्या होडीतला घोटा आठवला. तपासनिसाची थाप आठवली. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो. अंगातली सगळी ताकद स्प्रिंगमध्ये आणली आणि सुई नेली एकशे त्रेचाळीसवर.

पंच्याण्णवच्या वर कोणालाच नेता येत नाही, पंख तेवढं तोलत नाही. थोरलीने मला थापडा मारल्या. धाकट्याने लाथ मारली, हा इथला पोचा त्याचाच. दोघांनी मला उचलून आपटलं. मी सुई सोडली नाही. आतून काहीतरी तुटल्याचा आवाज आला. ती माझी स्प्रिंग होती. तिथे माझं आयुष्य संपलं म्हणा ना.

मग ती बाई खाली उतरली, शांतपणे बाकावर बसली आणि म्हणाली, "मी थांबते. उद्या सकाळी जाईन." त्या दुपारी समुद्रावरचा वारा इतका दाट होता की रेघेवरच्यालाही मागे ढकलला असता. चारची होडी तिच्यासमोरून निघून गेली. समारंभ गेला, घड्याळ गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वारा नेहमीपेक्षाही पातळ होता, आणि बाई रेघेवरची. थोरली तिला घेऊन धावणार, पण दोघींच्या पळण्याने पंख उचलणार नव्हता. पट्टा धरून बाजूने पळायला आणखी एक माणूस हवा होता. अख्ख्या बेटावर ते काम येणारा माणूस एकच.

"काट्या," थोरली म्हणाली, "कोणाला पळता येत असेल तर सांग, मी सातला वर आहे."

"काट्या, सांग तिला, मी तिच्यासाठी येत नाहीये," धाकटा म्हणाला, आणि पावणेसातलाच वर गेला.

मी इथून पाहिलं. तिघं धावली. दोन पावलं, दहा, वीस. धाकटा पडला, आणि त्या दोघी त्याच्या डोक्यावरून निघून गेल्या. बाई सतरा मिनिटं वर होती. उतरल्यावर तिने पहिली गोष्ट विचारली, ती ही की आपल्या कचेरीचं छप्पर कोणत्या दिशेला. ती भावंडं अजूनही एकमेकांशी बोलत नाहीत. पण माझी चकती पुन्हा कोणी फिरवली नाही, आणि बारा ते तीन दोन्ही टेकड्यांवर शेळ्याच असतात. हे सगळं माझ्यामुळे. त्याचं मला बक्षीस काय मिळालं? नवा बॅटरीवाला काटा आला आणि मी या कोपऱ्यात, लाइफ जॅकेटांचा ढीग टेकवायला.

म्हणून मित्रांनो, कळकळीची विनंती आहे. जुन्या वस्तूला लाथ मारू नका. तिला कधी तेलाचा थेंब द्या, तिची काच पुसा. तिने तुमच्यासाठी कधी स्वतःला मोडून घेतलं असेल, ते तुम्हाला...

"खोटं," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

त्यांनी पेपराची घडी घातली, जाड भिंगांचा चष्मा वर सरकवला आणि त्या बाहेर माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"पोरांनो, मी त्या दिवशी याच्यावर पाय ठेवलाच नव्हता. ठेवणार कसा? याच्यावर शेळी बसली होती, आणि सुई आधीपासूनच एकशे त्रेचाळीसवर अडकलेली होती. ती दोघं चकतीशी झोंबत होती, तेवढ्यात मी याच्या डोक्यावरची पाटी वाचली. 'बारा ते तीन टेकडीवर फक्त शेळ्या.' म्हणून थांबले."