पाय न लावायचा फुटबॉल

मित्रांनो, मी एक जुना फुटबॉल आहे. फुटबॉलच्या अंगावर चिखल असावा, पण माझ्या अंगावर हळदीकुंकवाचे डाग आहेत. नशीब एकेकाचं, दुसरं काय!

माझा जन्म जालंधरचा. एका बाईने घरी बसून बत्तीस तुकडे हाताने शिवले, तेव्हा मी गोल झालो. मग बोटीने कॅनडात, मिसिसागाच्या एका दुकानात आलो. २००५ साली रवींद्रने मला उचललं, शिक्का वाचला आणि भर दुकानात बायकोला ओरडून म्हणाला, "अगं शोभा, हा तर आपल्याकडचा निघाला!" नागपूरहून आलेला हा सॉफ्टवेअरवाला आठवडाभर कॉम्प्युटरपुढे असे आणि रविवारी सकाळी मैदानावर. सोबत पोर्तुगीज, घानाचे, जमैकाचे, पोलंडचे लोक. एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नसे, पण पास बरोबर जात असे.

घरी आला की सात वर्षांच्या गौरांगीला तो माझ्या घराण्याची गोष्ट सांगायचा. "दोन हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये चामड्याच्या चेंडूत पिसं नि केस कोंबून खेळायचे. इंग्लंडच्या खेड्यांत डुकराचं मूत्राशय फुगवायचे आणि अख्खं गाव त्यामागे धावायचं, डोकी फुटेपर्यंत! १८६३ साली लंडनमध्ये काही जणांनी बसून नियम लिहिले. मग खलाशी, सैनिक, रेल्वेचे कामगार जिथे गेले तिथे हा खेळ गेला. ब्राझील, आफ्रिका, आपलं कलकत्ता."

"अँड इफ दे हॅड नो बॉल, बाबा?"

"चिंध्या बांधायच्या की! चेंडूवाचून कुणाचं अडलंय का?"

२००७ च्या नोव्हेंबरात एका शनिवारी गाडीला विंटर टायर, म्हणजे बर्फावर न घसरणारे टायर, लावायची अपॉइंटमेंट होती. नेमकी त्याच दिवशी मराठी मंडळाची दिवाळी आली. इथे दिवाळी तिथीला होत नाही, हॉल मिळेल त्या शनिवारी होते. चकल्यांचं काम शोभाकडे होतं. ती म्हणाली, "टायरचं पुढच्या शनिवारी बघ ना. बर्फ कुठे पडलाय अजून!" रवींद्रने हसत अपॉइंटमेंट कॅन्सल केली.

रविवारी सकाळी पहिला बर्फ पडला. मैदानाकडे जाताना गाडी घसरली ती थेट ट्रकखाली. रवींद्र जागच्या जागी गेला. मी डिकीत होतो, मला साधा ओरखडाही आला नाही. मेली लाज वाटते सांगताना.

शोभाने मला बेसमेंटमध्ये त्याच्या फोटोशेजारी ठेवलं. दसऱ्याला लॅपटॉपसोबत माझीही पूजा व्हायची. गौरांगीने एकदा मला खाली ठेवून पाय उचलला मात्र, शोभा किंचाळली, "पाय लावायचा नाही! बाबांचा आहे तो." अहो, फुटबॉलला पाय लावायचा नाही! गौरांगीचा सॉकरचा क्लासही बंद झाला. अडीच वर्षं मी फुलं वाहून घेत वाळत राहिलो.

२०१० च्या उन्हाळ्यात वर्ल्ड कप आला. रस्त्यावर गाडीगाडीवर झेंडे. गौरांगी आता बारा वर्षांची होती. तिने बाबांच्या खोक्यातून लोकरीचे मोजे काढले, गच्च बांधून चेंडू केला आणि बेसमेंटच्या भिंतीवर मारू लागली. आवाज ऐकून शोभा खाली आली.

"अगं, हे त्याचे मोजे!"

"यू वोंट लेट मी हॅव एनीथिंग ऑफ हिज!" गौरांगी रडतच ओरडली.

शोभा जिन्यावर मटकन बसली. मग म्हणाली, "टायरची अपॉइंटमेंट मी कॅन्सल करायला लावली होती, गौरांगी. चकल्यांपायी. तू तो खेळ खेळलीस की मला तेच आठवायचं."

गौरांगी तिच्याजवळ जाऊन बसली. थोड्या वेळाने शोभाने मला उतरवलं, ओढणीने कुंकू पुसलं आणि जमिनीवर ठेवलं. "घे. लाव पाय."

पंप लावला, पण हवा टिकेना. आतलं रबर कोरडं पडून चिरलं होतं. मग मायलेकींनी माझी शिवण उसवली, आत बाबांचे मोजे कोंबले आणि शोभाने मला पुन्हा शिवलं. चिनी पूर्वजांसारखा मी आता आतून भरलेला आहे. उसळत नाही, धप्पकन पडतो. पण गौरांगी मला रोज लाथ मारते.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू फुलांखाली वाळवू नका, वापरा. आणि पहिल्या बर्फाआधी टायर बदला. मंडळाची दिवाळी त्याच शनिवारी असली, तरीसुद्धा.