बायपासची चावी

“रजिस्टर तो कोरा है, विद्याधरजी. मतलब बायपास आपने नहीं लगाया था.”

मॅनेजर सुशील साहेबांनी प्रश्न विचारलाच नव्हता, उत्तर हातावर ठेवलं होतं. समोर चौकशी समितीचे दोघे पेन उघडून बसले होते. 

विद्याधर मेश्राम भिलाईबाहेरच्या त्या गॅस डेपोत बावीस वर्षं इन्स्ट्रुमेंटचा इंजिनियर होता. गॅस गळला की डिटेक्टरला कळावं आणि व्हॉल्व्ह आपोआप मिटावा, एवढं सांभाळणं हे त्याचं काम. डिटेक्टर तपासताना व्हॉल्व्ह उगाच मिटू नये म्हणून चावी फिरवून बायपास लावायचा. त्याआधी रजिस्टरमध्ये लिहायचं, हा नियम. पण डेपोची रीत अशी की आधी काम, लिखापढी मागून. संध्याकाळी चहा पिता पिता दिवसभराच्या सह्या ठोकायच्या. सगळेच ठोकत. विद्याधरही.

त्या मंगळवारी त्याने बायपास लावला, डिटेक्टर तपासायला घेतला आणि साहेबांनी मीटिंगला बोलावलं म्हणून तसाच उठून गेला. चावी पॅनलवरच राहिली. पाऊण तासाने टँकरचा होज पाईप सुटला आणि गॅस पसरला. व्हॉल्व्ह ढिम्म हलला नाही. ऑपरेटर गुलाब बोपचे धावत गेला, हाताने व्हॉल्व्ह फिरवून बंद केला आणि तिथेच जळाला. डेपो वाचला.

“चावी पॅनलवर होती,” विद्याधर म्हणाला. मग पुढे म्हणाला, “त्या वेळी पॅनलपाशी गुलाबच होता.”

दोन्ही वाक्यं खरी होती. बावीस वर्षांची नोकरी माणसाला इतपत हुशार करतेच. मधली जागा समितीने आपल्या मनाने भरली आणि अहवाल आला : वारंवार वाजणाऱ्या अलार्मला कंटाळून ऑपरेटरने स्वतःच बायपास लावला.

तेराव्याला विद्याधर सुपेल्याला गुलाबच्या घरी गेला. डेपोतून दुसरं कोणी फिरकलं नव्हतं. गुलाबची बायको गयाबाई पंगतीत स्वतः वाढत होती. तिची कॉलेजात जाणारी मुलगी रीना त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

“अंकल, पापांनी ती चाबी कधीच फिरवली नसती. वो तो उसे हाथ भी नहीं लगाते थे. तुमाले तर मालूम आहे ना?”

एक वाक्य पुरलं असतं. ते विद्याधरच्या जिभेवर आलंही. त्याला स्वतःची शिसारी आली आणि त्याने पत्रावळीवरची पुरी मोडली.

“चूप बस, रीना,” गयाबाई म्हणाली. “जेवत्या मानसाले काय विचारून राहिली?” मग ती त्याच्यासमोर खाली बसली. “भाऊजी, यायच्यापायी तुमाले बी चौकशीत बसा लागलं म्हने. चूक झाली त्यायच्या हातून. पन मानूस मनाचा वाईट नव्हता. तुमी एकदा तोंडानं म्हना, माफ केलं म्हनून. मले नींद नाही येत.”

रीना अजून त्याच्याकडेच बघत होती.

“माफ केलं, वहिनी,” विद्याधर म्हणाला.

गयाबाईने पदराने डोळे पुसले. तेरा दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा जरा सैलावला. तिने आग्रह करून त्याला अजून बुंदी वाढली, आणि त्याने ती खाल्ली.