दिमासुपिलची झील

कीर्तनात बुवांच्या मागे उभं राहून ओळ झेलायची, आणि बुवा थांबले तरी ती खाली पडू द्यायची नाही, याला झील धरणं म्हणतात. वसुधाकाकूंचा जन्म त्या मागच्या रांगेतच गेला. वडील, म्हणजे नाना, मिरजेकडचे हरदास. ते नारदाच्या गादीवर उभे राहिले की परकरातली वसुधा झांज घेऊन मागे. पुढे लग्न झालं, कॅलिफोर्नियात संसार झाला, मुलं आपापल्या गावी पांगली, नवरा गेला. झांज तेवढी राहिली.

सनीव्हेलच्या खालच्या अंगाला सान फेलिसियो नावाचं त्यांचं गाव. तिथल्या जुन्या कम्युनिटी हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी कीर्तन असे. बुवा म्हणजे चिपच्या कंपनीतला प्रताप. हॉलच्या पार्किंगमध्ये जीन्सवरून धोतर नेसायचा आणि बोहल्यावर चढावं तसा आत यायचा. बोलायला फटकळ, पण गळा देवाने दिलेला.

हॉलच्या समोर नेस्तोर दिमासुपिलची बेकरी होती. पन्नाशी ओलांडलेला, खांद्याने रुंद, गालावर जुन्या जखमेचा व्रण. गावातले फिलिपिनो लोक पाव घ्यायला येत आणि पावापेक्षा त्याच्याकडेच जास्त बघत. कारण हा नेस्तोर एके काळी मनिलाच्या मारधाडीच्या सिनेमांचा राजा होता. शेवटच्या रिळात एकटा अख्ख्या टोळीला लोळवायचा, आणि मग ढग गडगडावा तशा आवाजात एकच वाक्य बोलायचा. सिनेमे थांबले, बायको मिलाग्रोस नर्स होती, तिच्या नोकरीमागे तो अमेरिकेत आला आणि कणीक मळू लागला. गल्ल्यावर तो फारसं बोलत नसे, बोललाच तर पुटपुटे. लोकांना वाटे, हीरो आहे, तोऱ्यात असणारच.

कीर्तनाच्या रविवारी तो बिनअंड्याचे बन घेऊन हॉलमध्ये येई आणि शेवटच्या खुर्चीवर बसून राही. वसुधाकाकूंना तो ‘आते’ म्हणायचा. त्यांच्यात आते म्हणजे ताई. मग काकूही त्याला दादा म्हणू लागल्या.

छान चाललं होतं. शहाण्णव साली मात्र सिटी कौन्सिलने हॉल विकायला काढला. चिपवाल्यांचे दिवस होते, जागेला सोन्याचा भाव. एक बिल्डर तिथे काचेची ऑफिसं बांधणार होता. आमचं कीर्तन जाणार, फिलिपिनो आज्यांचा नाच जाणार, आणि गुड फ्रायडेच्या आठवड्यात रात्रंदिवस चालणारी त्यांची पाबासाही जाणार. पाबासा म्हणजे येशूच्या यातनांची कथा ओळीने बसून, चालीवर गाऊन वाचायची. काकू दरवर्षी तिथे जाऊन बसत. नेस्तोरही मागे बसून नुसता ऐकत असे. भाषा कळत नसे, पण देवाची कथा गाऊन सांगतात एवढं कळत होतं, आणि तेवढं पुरे होतं.

विक्रीचा ठराव नव्या कौन्सिलपुढे येणार होता. मतं दोन इकडे, दोन तिकडे. पाचवी जागा निवडणुकीतून भरायची. तिथे हॅल व्हिटकोम उभा होता, बिल्डरचा माणूस, आवाज रेडिओवाल्यासारखा. फिलिपिनो मंडळींनी बेकरीत जाऊन नेस्तोरला धरलं. तू उभा राहा, तुझ्यापुढे कोण टिकतो?

पहिली सभा पार्कात झाली. गर्दी उसळली होती. नेस्तोर स्टेजवर चढला तशा शिट्ट्या वाजल्या, आणि त्याने तोंड उघडलं.

आवाज निघाला तो पिपाणीसारखा. बारीक, वर चढणारा, वाक्याच्या शेवटी फाटणारा.

लोक आधी गप्प झाले, मग हसू लागले. पुढच्या रांगेतला एक म्हातारा ओरडला, “कुया, खरा आवाज मनिलाला विसरून आलास का?” कुया म्हणजे दादा, पण त्या दादात काही आदर नव्हता. खरी गोष्ट अशी की त्या सिनेमांत चेहरा नेस्तोरचा आणि आवाज दुसऱ्याचाच असायचा. सगळे सिनेमे मागाहून डब व्हायचे. इतकी वर्षं तो गल्ल्यावर गप्प का असे, ते काकूंना त्या दिवशी उमगलं.

दुसऱ्या दिवशी त्या बेकरीत गेल्या. नेस्तोर आत कणीक आपटत होता. मिलाग्रोस म्हणाली, “आते, तुम्हीच सांगा ह्यांना. तो आवाजवाला लॉस एंजेलिसला असतो. फोन केला तर भाषणाची कॅसेट करून देईल. सभेत ती लावायची, ह्यांनी नुसतं हात हलवून उभं राहायचं.”

“आणि व्हिटकोमबरोबरच्या डिबेटला?” काकूंनी विचारलं.

“तिथे घसा बसलाय म्हणून सांगू.”

नेस्तोर वळला नाही. “नाव मागे घेतो,” तो म्हणाला. “लोकांना तो हवाय, मी नकोय.”

काकू स्टूल ओढून बसल्या. नेस्तोरने पुन्हा कणकेत हात घातले, आणि हाताला लय लागली तसा नकळत गुणगुणू लागला. पाबासाची चाल. तोच बारीक आवाज, पण चालीवर चढला आणि सुतासारखा सरळ गेला. फाटला नाही, थरथरला नाही, भट्टीच्या घरघरीवरून थेट दारापर्यंत पोचला.

“हे कुठे शिकलास, दादा?”

“आजीजवळ. पाच वर्षांचा असल्यापासून गातोय. ती म्हणायची, तुझा आवाज बोलायला नाही, देवाला हाक मारायला केलाय.”

“मग हाक मार की. भाषण कशाला करतोस?”

तो थांबला. पीठ लागलेले हात छातीशी धरून म्हणाला, “ती प्रभूची चाल आहे, आते. मतांसाठी वापरू?”

हा प्रश्न काकूंना आवडला. “स्वतःच्या खुर्चीसाठी वापरलीस तर मी पहिली उठून जाईन. पण ज्या घरात देवाचं नाव घेतलं, ते घर वाचवायला त्याचीच चाल वापरली, तर तो रागावेल असं मला वाटत नाही.”

“आणि मध्येच आवाज गेला तर?”

“त्याला आम्ही असतो ना. आमचे नाना सांगायचे, कीर्तनकाराचा गळा मागच्यांच्या गळ्यात असतो. तू एक ओळ धर. साधी. तिच्याकडे परत परत ये. मध्ये गोष्ट सांग. ओळ तुझ्या हातून सुटली की मी झेलेन.”

प्रतापला हे कळलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. “काकू, हा माणूस डिबेटला गाणार? यार, केबलवर लाइव्ह दाखवतात ते. उद्या ऑफिसात लोक मला विचारतील, तुमचा कॅन्डिडेट का रडत होता.”

“तू धोतर नेसून पार्किंगमधून येतोस तेव्हा कोणी विचारतं का?”

“विचारतात की.”

“मग काय सांगतोस?”

“सांगतो, योगा आहे.”

“तेच सांग,” काकू म्हणाल्या. “आणि डिबेटला पेटी घेऊन ये.”

“पेटी अलाऊ करणार नाहीत.”

“मग गळा घेऊन ये.”

डिबेट त्याच हॉलमध्ये झाली. व्हिटकोम आधी बोलला. छान बोलला, सुपारी कातरावी तसा एकेक मुद्दा कातरला. मग नेस्तोर उठला. मागून कोणीतरी त्या सिनेमातलं वाक्य ढगासारख्या आवाजात म्हटलं, आणि हॉलभर खसखस पिकली. नेस्तोर माइकसमोर उभा. ओठ हलले, शब्द नाही. मिलाग्रोसने मान खाली घातली. काकूंनी पर्समध्ये हात घालून झांज नुसती घट्ट धरली, वाजवायची नाही म्हणून.

मग तो बोलला. “तो आवाज माझा नव्हता. दुसऱ्या एका भल्या माणसाचा होता. माझा हा आहे.” आणि पाबासाच्या चालीवर त्याने साधी इंग्रजी ओळ धरली: हे दार उघडं ठेवा.

हसणं विरलं, पण साथ कोणी दिली नाही. त्याने पुन्हा ओळ म्हटली. शेवटाला श्वास तुटला, ओळ खाली पडायला आली, आणि तिसऱ्या रांगेतून वसुधाकाकूंनी ती झेलली. साडीचा पदर खोचून उभ्या राहिल्या आणि म्हटलं, हे दार उघडं ठेवा. नानांच्या मागे उभं राहून म्हणायच्या तसंच. प्रतापने एकदा इकडेतिकडे पाहिलं, डोळे मिटले आणि खालच्या सुरात ओळ धरली.

फिलिपिनो आज्यांना ती चाल अंगाईपासून ठाऊक. चाल ऐकून गप्प बसणं त्यांच्या हाडातच नव्हतं. पहिली उठली ती लोला पुरिंग, म्हणजे पुरिंगआजी, काठी टेकत. मग रांगच्या रांग.

आता नेस्तोरला मागे भिंत मिळाली. त्याने गोष्ट सांगितली, अर्धी बोलून अर्धी गाऊन. या गावात आलो तेव्हा कोणी ओळखीचं नव्हतं. गुड फ्रायडेला हे एकच दार उघडं दिसलं. आत म्हाताऱ्या गात होत्या. एकीने सरकून जागा दिली, नाव विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी याच दारातून एक साडीवाली बाई आली. तिला अक्षर कळत नव्हतं, तरी ती रात्रभर बसली. तिलाही कोणी नाव विचारलं नाही. प्रत्येक वळणाला तो ओळ सोडून देई, आणि हॉल ती उचलून धरी. पार्कात ओरडलेला तो म्हाताराही टोपी काढून म्हणत होता. वेळ संपल्याची घंटा झाली, ती कुणाला ऐकू आली नाही. व्हिटकोमच्या बायकोचे ओठ हलताना केबलवर साऱ्या गावाने पाहिले.

बाहेर आल्यावर प्रताप हळूच म्हणाला, “काकू, मत द्या असं म्हणायचं तो विसरलाच.”

“विसरला नाही,” काकू म्हणाल्या. “बुवा गादीवरून टाळ्या मागतात का?”

नेस्तोर निवडून आला. थोडक्यात आला, पण आला. बेकरीपुढे ढोल वाजले, आणि पाव त्या दिवशी सगळ्यांना फुकट.

डिसेंबरात शपथविधी झाला. क्लर्कबाई एकेक वाक्य सांगणार आणि नेस्तोरने मागून म्हणायचं. त्याने हात वर करून त्या बारीक आवाजात पहिलं वाक्य म्हटलं, आणि मागच्या बाकांवरून सगळ्या आज्यांनी एका सुरात ते पुन्हा म्हटलं. क्लर्कबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मेयर म्हणाले, “शपथ एकट्यानेच घ्यायची असते.” नेस्तोर म्हणाला, “सर, मी एकट्याने काही घेतलेलंच नाही.” मेयरनी क्लर्कबाईंना पुढे चालू द्या अशी खूण केली. दुसऱ्या वाक्याला काकूही मिसळल्या. उभ्या गावानेच त्या दिवशी शपथ घेतली म्हणायची. मग हॉल विकायचा ठराव आला आणि तीन विरुद्ध दोन मतांनी पडला.

पुढच्या रविवारी कीर्तन होतं. मध्यंतरात प्रतापच्या गळ्यात हार पडला, बुक्क्याची ताटली फिरली. काकू ती घेऊन शेवटच्या खुर्चीपाशी गेल्या. नेस्तोरच्या कपाळाला बुक्का लावला आणि पर्समधून झांजेची दुसरी जोडी काढली.

“मागे उभं राहायचं?” त्याने विचारलं.

“माझ्याशेजारी. आणि हे बघ, नगरसेवक असशील तिकडे. इथे ओळ खाली पडली तर ओरडेन.”

तो हसला, बाही मागे सारली आणि रांगेत येऊन उभा राहिला. प्रतापने सूर लावला. हॉलचं दार सताड उघडं होतं, आणि समोरच्या बेकरीतून ताज्या पावाचा वास आत येत होता.