रुपरावांचं नाव असलेलं कार्ड

मी कार्ड बोलतोय. आधारचं नाही, रेशनचंही नाही. सदर नावाच्या वस्तीतल्या एका जुन्या वाचनालयातलं, कॅटलॉगच्या खणातलं. माझ्या पोटाशी एक भोक आहे. त्यातून लोखंडी सळई ओवलेली असे, वाचकांनी आम्हाला उपटून नेऊ नये म्हणून. माणसांवर एवढा विश्वास!

माझं पुस्तक हातमागाच्या साड्यांचं. नाव मात्र असं भारदस्त, की त्यात 'साडी' हा शब्दसुद्धा नाही. "नावावरून वाचकाले काय कळणार?" ग्रंथपाल कुसुमताई म्हणायच्या. मग सळई काढून त्या कार्डाच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहायच्या, कोणत्या पानावर काय आहे ते. पुढच्या कोपऱ्यात 'मागे पाहा'.

एकदा उमरेडचे विणकर शालिकराम आले. माझं पुस्तक चाळता चाळता त्यांनी एकशे बाराव्या पानावरच्या चित्रावर बोट ठेवलं.

"ताई, हा काठ माह्या बापाचा आहे जी. रुपराव नाव त्याचं. इथं 'अज्ञात विणकर' काहून लिहिलं?"

"छापलेलं मले बदलता येत नाही, भाऊ. कार्डावर लिहिते."

आणि त्यांनी माझ्या पाठीवर लिहिलं: पान ११२, हा काठ रुपरावांचा, उमरेड. शालिकराम किती वेळ ते अक्षर पाहत बसले. मला जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढे कुसुमताई निवृत्त झाल्या आणि कॉम्प्युटर आला. कार्डं टाइप करायला आणलेल्या माणसांनी सळई काढलीच नाही. खणातलं कार्ड बोटानं ढकलायचं, दिसेल ते ठोकायचं. 'मागे पाहा' हेही त्यांनी इमानेइतबारे टाइप केलं, पण मागे पाहिलं नाही. कुसुमताईंनी खेटे घातले, "मागचं मी फुकट टाइप करून देते." काम संपलं, असं उत्तर मिळालं. मग आमचे गठ्ठे कच्च्या लिखाणासाठी काउंटरवर आले.

गेल्या आठवड्यात शालिकरामांची नात दामिनी आली. आजोबा अंथरुणाला खिळलेत. आपल्या बापाचं नाव वाचनालयात लिहिलेलं आहे म्हणतात, आणि घरचे म्हणतात म्हातारा बरळतो. तिनं कॉम्प्युटरवर 'रुपराव' टाकलं, 'काठ' टाकलं, 'साडी' टाकलं. काहीच आलं नाही.

"पुस्तकाचं नाव सांगा ना ताई," काउंटरवरचे पिंटूभाऊ म्हणाले.

"तेच तर आठवत नाही त्यायले. कार्डाच्या मागं लिहिलं होतं म्हणतात."

"कार्डं केव्हाचीच बंद झाली. नंबर द्या, दिसलं तर कळवतो."

त्यांनी गठ्ठ्यातलं वरचं कार्ड ओढलं. ते मी होतो. माझ्या पुढच्या मोकळ्या जागेत तिचा नंबर लिहिला आणि वर पेपरवेट ठेवला. डोक्यावर पंखा गरगरत होता. एकदा उलटलो असतो तरी काम झालं असतं. ती पायऱ्या उतरून गेली.

काल, तीन वर्षांत कोणी न नेलेली पुस्तकं रद्दीच्या टेम्पोत भरली. माझंही त्यातच गेलं. आता त्या म्हाताऱ्याला काठ कोणी दाखवू शकणार नाही. पण तो बरळत नाही, एवढं तरी कोणी त्याच्या घरी कळवा. नंबर माझ्यावरच आहे. शेवटचे दोन आकडे पिंटूभाऊंनी घाईत गिरबटलेत. मलाही ते वाचता येत नाहीत.