इवानीच्या रक्ताची माणसं

तालिताने बाटली एकदा चोखली आणि दूध फुर्रकन रोझाल्वाच्या बाहीवर उडवलं.

"काढ, आजीवरच राग काढ," रोझाल्वा म्हणाली. "आई तिकडे यंत्राच्या बोगद्यात आरामात झोपलीय, तिला कोण बोलणार!"

"आराम? त्या ठोकाठोकीत?" शेजारी वालमीर पिन्यांव, पाइनच्या उकडलेल्या बिया, सोलत बसला होता. गावच्या नगरपालिकेची रुग्णांची गाडी तोच चालवी. "इवानी यंत्रालाच चार शिव्या हासडून बाहेर येते की नाही बघ."

रोझाल्वा हसली नाही. भिंतीपलीकडे एमआरआयचं यंत्र ठकठकत होतं. आवाज थांबला की ती दाराकडे बघायची, सुरू झाला की पुन्हा तालिताकडे.

तालिता जन्मली तेव्हा तिच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतला होता. त्यात जनुकातली ती खोड निघाली, घराण्यात कर्करोग पुढे पुढे सरकवणारी. मग इवानीला तपासलं, तिच्यातही निघाली. आता दरवर्षी अख्ख्या अंगाची चित्रं काढायची; काही उगवलंच तर मोहरीएवढं असतानाच सापडावं म्हणून.

हीच खोड रोझाल्वाच्या नवऱ्यात होती. नेल्सिंदो पोटातल्या गाठीनं गेला. मुलगा अदाईर एकतिसाव्या वर्षी डोक्यातल्या गाठीनं. पण इवानी पोटची नव्हे, सांभाळलेली. दोन वर्षांची असताना नेल्सिंदोने तिला लाकडं वाहणाऱ्या ट्रकमधून घरी आणलं होतं. आई मेली, असं सगळ्या गावाला ठाऊक होतं.

'या डोंगराळ भागात तीनशेपैकी एकात ही खोड असते, योगायोगही असू शकतो,' असं डॉक्टर म्हणाले होते. चार महिने रोझाल्वा ते एकच वाक्य जपमाळेसारखं ओढत होती.

दार उघडून नर्स क्लेउझा कागद घेऊन आली.

"काकू, इवानीनं चार ठिकाणी 'माहीत नाही' लिहिलंय. रक्ताची माणसं कोण, कुणाला काय झालं होतं, तुम्ही तरी सांगा. आणि लवकर. ती यंत्रात आहे तोवर."

"आत्ताच कशाला?"

"या चित्रात डोकं वरवर येतं. नीट बघायचं तर वीस मिनिटं जास्त लागतात, आणि बाहेर रांग लागलीय. रक्ताच्या नात्यात कुणाला डोक्यात गाठ झाली असेल तरच आज करतील. नाहीतर पुढच्या वर्षी."

"आमचा अदाईर..."

"अदाईरचे कागद इथंच आहेत, काकू. पण तो तिचा रक्ताचा नाही. मला मोजता येत नाही."

अदाईरही असाच ठणठणीत होता. एका रविवारी जेवताना हातातला काटा सुटला, तेव्हा सगळे हसले होते.

भिंतीपलीकडची ठकठक थांबली. तालिताने रोझाल्वाचं बोट मुठीत आवळलं.

"वालमीर, जरा गाडी बघून ये."

"गाडी काय पळून जातेय?"

"जा म्हटलं ना!"

तो सालांसकट उठला. ठकठक पुन्हा सुरू झाली.

"मोजा," रोझाल्वा म्हणाली.

"काय?"

"अदाईरला मोजा. दोघांचा बाप एकच."

क्लेउझाने मान वर केली नाही. "इवानीला ठाऊक आहे?"

"नाही."

क्लेउझा दारापाशी गेली, फटीतून आत म्हणाली, "डोकंही घ्यायचंय. डॉक्टरांना मी सांगते." मग परत येऊन तिने कागदावरच्या वंशावळीत बापाचा चौकोन काढला, शेजारी आईसाठी गोल. "आई किती वर्षांची असताना गेली?" मेलेल्या माणसावर मारतात तशी तिरपी रेघ मारायला तिने पेन टेकवलं.

रोझाल्वाने कागदावर तळवा ठेवला.

"नको."

पोर घरात राहील तर बिनआईची म्हणूनच, ही अट रोझाल्वाची स्वतःची होती. नेल्सिंदोने ती मरेपर्यंत पाळली.

"अल्झीरा नाव तिचं. घाटाखालच्या बसस्थानकात केक विकते. येताजाता आमची गाडी तिथूनच जाते." ती थांबली. "मी दुसऱ्या बाजूला बघते."

क्लेउझाने पेन उचललं. गोल तसाच राहिला. "हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, काकू. पण इवानीला दाखवावाच लागतो. तिचाच आहे तो."

इवानी बाहेर आली तेव्हा गालांवर पट्ट्यांचे वळ होते आणि ओठ पांढरे पडले होते.

"आई, मध्येच डोकं का घेतलं? काही दिसलं का त्यांना?"

"अजून कुणी काही बघितलेलं नाही. डोकं बघा असं मीच सांगितलं."

"तू? तू कशाला?"

वालमीर दारात येऊन किल्ल्या वाजवत होता. "निघायचं? थेट घरी ना?"

"नाही," रोझाल्वा म्हणाली. "घाटाखाली बसस्थानकात थांबव."

"तिथं काय आहे?"

रोझाल्वाने तालिताला इवानीच्या हातात दिलं, तिच्या खांद्यावरून शाल नीट केली.

"आधी हिला पाज," ती म्हणाली. "घाट उतरेपर्यंत सांगते."