गुलाल पुसणारा भागाकार

मी एक जुना भागाकार आहे. मित्रांनो, हसू नका. जुनी छत्री आणि मोडका पंखा आपली कहाणी सांगू शकतात, मग मीच का गप्प बसावे? मला हात नाहीत, पाय नाहीत, स्वतःचा रंगही नाही. तरी एका बैलाच्या अंगावरचे रक्त मी वेगळे ओळखले आहे, आणि ज्या पडद्यावर मी काम करत होतो तो काठीच्या दोन घावांत माझ्यासकट काळा झाला आहे.

माझा जन्म कामशेतच्या एका फोटो स्टुडिओत झाला. तेजल नावाची तरुणी तो चालवायची. मावळातल्या जत्रांचे आणि मिरवणुकांचे फोटो तिच्याकडे यायचे आणि प्रत्येक फोटोत गुलाल असायचाच. गिऱ्हाईक म्हणायचे, "ताई, गुलाल अंगावर ऱ्हाऊ दे, पर नाक तेवढं माझ्या रंगाचं कर." ठिपका ठिपका पुसून तिची बोटे आखडायची.

संगणकातला फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांची गर्दी असते. प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे असतात, एक लालचा, एक हिरव्याचा, एक निळ्याचा. प्रत्येक आकडा शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत कुठेही असू शकतो. गुलालाच्या ठिपक्यात लाल दोनशेवीस, हिरवा तीस आणि निळा एकशेवीस असे काहीसे आकडे येतात. निळा हिरव्याच्या चौपट. आपल्या कातडीत मात्र निळा हिरव्यापेक्षा कमीच असतो. तेजलने हे पाहिले आणि निळ्याला हिरव्याने भागले. तो भागाकार म्हणजे मी. माझे उत्तर दोनाच्या वर गेले की तिथे गुलाल समजायचा आणि तो ठिपका शेजारच्या स्वच्छ जागेच्या रंगाचा करायचा.

सावलीत मी फसायचो नाही. सावलीत दोन्ही आकडे सारख्याच प्रमाणात घटतात, भागाकार तोच राहतो. हिरवा शून्य आला तर मात्र मी अडून बसायचो, कारण शून्याने कुणालाच भागता येत नाही. म्हणून तेजलने हिरव्यात कायमचा एक मिळवून ठेवला. तेव्हापासून माझी गाडी अडली नाही. कितीतरी नवरदेवांची नाके मी परत आणली. "तेजलच्या दुकानात हरवलेलं नाक मिळतं," असे लोक म्हणत आणि मी मनातल्या मनात फुगत असे.

मग वडिवळ्याच्या बाजूला बैलगाड्यांची शर्यत झाली.

महिपती नावाच्या शेतकऱ्याचा पाखऱ्या हा पांढराशुभ्र बैल त्या दिवशी गाड्याला जुंपला होता. शर्यतीच्या चढाला तिथे घाट म्हणतात. गाडा सुटला तसा पाखऱ्या वेड्यासारखा उधळला, घाट संपला तरी थांबला नाही आणि गर्दीत घुसला. समोर महिपतीचा धाकटा भाऊ अंबाजी उभा होता. पाखऱ्याने त्याला शिंगावर घेऊन आपटले. अंबाजीची मांडी गुडघ्यापर्यंत फाटली. लोक काठ्या घेऊन बैलावर तुटून पडले. तोंडावर, पाठीवर, दिसेल तिथे मारले. एक शिंग मुळापासून मोडले, तरी काठ्या थांबल्या नाहीत. अंबाजीला तळेगावच्या दवाखान्यात नेले. महिपतीने जनावरांच्या दलालाला फोन केला. दलालाच्या टेम्पोत चढलेले जनावर परत येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिपतीची बायको मुक्ताबाई स्टुडिओत आली. पाखऱ्याला तिने वासरू असल्यापासून वाढवले होते.

"दुपारला टेम्पो येणार हाय," ती म्हणाली. "तू काल शर्यतीच्या आधी काढलेला फोटू दे मला. गुलाल काढून दे. घरी व्हता तसा पांढरा दिसू दे."

तेजलने मला कामाला लावले. कपाळावरचा गुलाल गेला, मागच्या मांडीवर फासलेलाही गेला. पण त्या मांडीवर तीन लाल ठिपके उरले आणि प्रत्येकाखाली एक ओघळ.

"थांबा मावशी," तेजल म्हणाली, "सूत्राचं काहीतरी चुकलंय. एवढं हातानं पुसते."

तिने मला पुन्हा चालवले. मी पुन्हा तेच उत्तर दिले. ती हाताने पुसायला लागणार, तेवढ्यात मुक्ताबाईने तिचे मनगट धरले.

"नगं पुसू. त्यो गुलाल न्हाई."

तेजलने त्या ठिपक्यांचे आकडे पाहिले. लाल एकशेवीस, हिरवा पंधरा, निळा अठरा. माझे उत्तर जेमतेम एक. गुलालाचे उत्तर तसे कधीच येत नाही. ते रक्त होते.

"पण मावशी, काठ्या तर नंतर पडल्या."

"व्हय. आन धावायच्या आधी बैलाच्या ढुंगणावर गुलाल कोण टाकतं? कपाळाला लावत्यात." मुक्ताबाई पडद्याजवळ वाकली. "त्याच्या मागं कोण हुबाय, त्ये मोठं करून दाव."

तेजलने फोटो मोठा केला. मागे महिपती होता. एक तळवा गुलालाने माखलेला. दुसऱ्या मुठीतल्या काठीच्या टोकाला खिळा ठोकलेला. बैल जोरात पळावा म्हणून त्याने तो खिळा मांडीत तीनदा खुपसला होता आणि वर गुलाल फासला होता; रक्त त्यातून पाझरून वर आले होते.

मुक्ताबाई रडली नाही. "ह्यो फोटू माझ्या मोबाईलवर टाक," एवढेच म्हणाली. तिथूनच तिने तो अंबाजीला पाठवला.

तिला न्यायला महिपती आला तेव्हा फोटो अजून पडद्यावर होता. त्याने एकदा पडद्याकडे पाहिले, एकदा बायकोकडे, आणि हातातली काठी पडद्यावर घातली. काच फुटून तेजलच्या कपाळात शिरली. दुसरा घाव संगणकावर पडला. मित्रांनो, माझ्याभोवती एकदम अंधार झाला.

"काच फोडली तुमी," मुक्ताबाई म्हणाली. "त्याच्या अंगावरली भोकं कशी बुजवणार?"

महिपतीने काठी पुन्हा उचलली. तेवढ्यात त्याच्या खिशातला मोबाईल वाजला आणि त्याने तो कानाला लावला. दवाखान्यातून अंबाजी बोलत होता. त्याचा आवाज बारीक होता, पण स्टुडिओत सगळ्यांना ऐकू आला.

"दादा, मांडी त्यानं फाडली माझी. पर खिळा तुज्या मुठीत व्हता. टेम्पो माघारी धाड. वैनी पाखऱ्याला माझ्या गोठ्यात बांधंल. आन तू त्याच्या म्होरं जाऊ नगंस."

महिपतीची काठी खाली आली. काचांवरून चालत तो बाहेर गेला. दुपारी टेम्पो रिकामा परतला.

पाखऱ्या आता अंबाजीच्या गोठ्यात आहे. शिंग एकच आहे. मांडीवरच्या जखमा भरल्या आहेत, पण गावात कुणी काठी उचलली की तो दाव्याला हिसके देत थरथरतो. त्याला शांत करणारे सूत्र मला माहीत नाही.

तेजलच्या कपाळावर बारीक व्रण राहिला. संगणक भंगारात गेला. मी मात्र वाचलो, कारण मी काचेत नव्हतोच. निळ्याला हिरव्याने भागायचे, एवढेच तर मी आहे. पण नव्या संगणकावर मला फारसे काम नाही. आता मोबाईलमध्ये एक बटण आले आहे. ते दाबले की कातडीवरचे सगळेच लाल पुसले जाते. गुलाल, पुळी, वळ, रक्त, त्याला सगळे सारखेच. गिऱ्हाईक खूश होते आणि मी कोपऱ्यात पडून असतो.

त्याचे मला वाईट वाटत नाही. मित्रांनो, रंग बदला, चेहरे उजळवा, मजा करा. मूळ फोटो मात्र जपून ठेवा. आणि पुसूनही एखादा डाग उरलाच, तर तो हाताने घासून काढण्याआधी क्षणभर थांबा. ज्याच्या अंगावर तो डाग आहे, त्याच्याकडे जा. तिथे बोट ठेवून बघा, दुखते का.